किल्ली हाती घेण्यापूर्वी

भाड्याच्या घराचा विषय वरवर पाहता किरकोळ वाटतो. परंतु बदली होऊन आलेला शिक्षक, कचेरीतला कारकून किंवा कारखान्यातला कामगार यांच्या दृष्टीने तो किरकोळ नाही. कित्येक महिने पोटाला चिमटा घेऊन शिल्लक टाकलेली रक्कम तो एका दिवसात अनोळखी माणसाच्या हाती ठेवतो, आणि त्या क्षणी त्याला मिळते ते केवळ आश्वासन. दिंडोरी हे नाशिकपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवरचे तालुक्याचे ठिकाण. भोवती द्राक्षबागा, तालुक्यात औद्योगिक वसाहती, गावात शाळा व सरकारी कचेऱ्या. नवी माणसे येतात, घर शोधतात, आणि घाईत सही करतात. घाई अशासाठी की मुलांची शाळा सुरू व्हायची असते आणि कामावर रुजू होण्याची तारीख ठरलेली असते.

मग सही झाल्यावर शंका येते. घर दाखविणारा एक, पैसे घेणारा दुसरा, आणि मालक म्हणून कागदावर नाव तिसऱ्याचेच. पावती मागितली की “विश्वास नाही का?” असा उलट प्रश्न येतो. करार नोंदवू या म्हटले की टाळाटाळ होते. अजून सामान हललेले नाही, किल्ली हाती आलेली नाही. अशा वेळी मागे फिरता येते काय?

फिरता येते. मात्र ते किती सुलभ होईल, हे तीन गोष्टींवर अवलंबून असते: आपण कोणत्या पायरीवर उभे आहो, मागे फिरण्याचे कारण काय, आणि ते कारण आपण कसे कळविले.

पहिली पायरी बोलणीची. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे आपला प्रस्ताव समोरच्याने स्वीकारून तो स्वीकार आपल्याकडे रवाना करण्यापूर्वी आपण तो मागे घेऊ शकतो. या पायरीवर पैसे न देणे हेच खरे शहाणपण. दिलेच तर पावतीवर रक्कम ‘इसार’ म्हणून दिली की ‘अनामत’ म्हणून, हे स्पष्ट लिहून घ्यावे. इसार हा सौदा पाळण्याचा तारण-शब्द असतो. देणाऱ्याने अकारण सौदा मोडला तर तो बुडू शकतो. अनामत ही भाडे थकले किंवा घराची नासधूस झाली तर त्याची भरपाई म्हणून ठेवलेली रक्कम. ज्या घरात पाऊलच पडले नाही, तेथे नासधूस कसली?

हा भेद सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३ सालच्या एका निकालात चांगला दिसतो. फत्तेचंद विरुद्ध बालकिशन दास हा तो खटला. १९४९ साली दिल्लीतील एका मिळकतीच्या विक्रीचा करार झाला होता. खरेदीदाराने १,००० रुपये इसार आणि पुढे २४,००० रुपये दिले. व्यवहार फिसकटला. इसाराचे हजार रुपये विक्रेत्याकडे राहिले. परंतु उरलेले चोवीस हजार करारातील जप्तीच्या कलमावर बोट ठेवून गिळंकृत करता येणार नाहीत, असे न्यायालयाने ठरविले. करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी मिळायची ती वाजवी भरपाईच, आणि तो आकडा ही तिची कमाल मर्यादा, हे करार कायद्याच्या कलम ७४ चे तत्त्व आहे. खटला विक्रीचा असला तरी हे तत्त्व भाड्याच्या करारालाही लागू पडते. समजा, भाडे ८,००० रुपये आणि अनामत ३०,०००. भाडेकरू आला नाही, पण दहा दिवसांत दुसरा आला, तर मालकाचे नुकसान साधारण दहा दिवसांच्या भाड्याचे. सगळी अनामत गिळण्याला त्यात आधार नाही.

दुसरी पायरी सहीची. येथे कारण महत्त्वाचे ठरते. खोटे सांगून किंवा महत्त्वाची गोष्ट फसविण्याच्या हेतूने लपवून संमती मिळविली असेल, तर कलम १९ प्रमाणे तो करार फसलेल्या माणसाच्या इच्छेनुसार रद्द होऊ शकतो. परंतु त्याच कलमात एक मेख आहे. विधान अजाणता चुकीचे असेल किंवा केवळ मौन पाळलेले असेल, आणि साधी चौकशी करून सत्य कळण्यासारखे असेल, तर ही सवलत मिळत नाही. म्हणून सही करण्यापूर्वी मिळकत पत्रिका, सातबारा किंवा घरपट्टीची पावती पाहावी. मालकाऐवजी दुसरा सही करीत असेल तर मुखत्यारपत्र मागावे. शेजाऱ्याला एक प्रश्न विचारण्याला तर काहीच पडत नाही. गोदामासाठी किंवा शेडसाठी जमीन घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला भाडेपट्ट्याने द्यायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे पूर्वपरवानगी लागते. पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्याला ती जिल्हाधिकाऱ्यांची. ती नसेल तर पुढे पाऊल टाकूच नये.

तिसरी पायरी नोंदणीची. ‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ हा समज फार पसरलेला आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची केली, त्यातून तो निघाला. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ जेथे लागू आहे, तेथे कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा ‘लीव्ह अँड लायसन्स’चा करार लेखी आणि नोंदलेला असलाच पाहिजे, मग मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती चुकविल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. आणि वाद झाल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणून नोंदणीला नकार मिळाला की तेथेच थांबणे योग्य.

आता थांबावे कसे? फोन उचलणे बंद करून किंवा गुपचूप दुसरीकडे राहायला जाऊन नव्हे. अशाने आपणच करार मोडल्यासारखे दिसते. एक साधे पत्र लिहावे: कराराची तारीख, दिलेली रक्कम, आढळलेली विसंगती, करार रद्द करीत असल्याचे स्पष्ट वाक्य, आणि रक्कम परत करण्याची मुदत. ते पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवून प्रत जवळ ठेवावी. किल्ली घेतली असेल तर साक्षीदारासमक्ष परत करून पोच घ्यावी, कारण करार रद्द करणाऱ्यानेही मिळालेला लाभ परत करायचा असतो. शक्यतो पैसे बँकेमार्फत द्यावेत. बँकेची नोंद सहसा कोणी नाकारीत नाही.

पोलिसांकडे केव्हा जावे? मालकाशी मतभेद झाला म्हणजे फसवणूक झाली असे नाही. तो दिवाणी वाद. पण परक्याचे घर आपले म्हणून दाखविणे, एकच खोली चौघांना देऊन चौघांची अनामत घेणे, यांत आरंभापासूनच लबाडीचा हेतू दिसतो. असा गुन्हा आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येतो, आणि तेथे विलंब न लावता तक्रार करावी.

बहुसंख्य घरमालक सरळ असतात. प्रामाणिक मालकाला पावती देण्याचा आणि करार नोंदविण्याचा त्रास वाटत नाही, कारण त्यात त्याचेही रक्षण आहे. म्हणून कागद मागणे हा कोणाचा अपमान नव्हे. संकोचापायी न विचारलेला प्रश्न पुढे फार महाग पडतो, आणि तो विचारण्याची सर्वांत स्वस्त वेळ म्हणजे किल्ली हाती येण्यापूर्वीची.