शुगर नॉर्मल, पण पूल चढताना दम लागतो? सहा मिनिटांच्या चालण्यातून कळेल फिटनेस

एचबीएवनसी ६.८, मोबाइलवर रोजची आठ हजार पावले. रिपोर्ट पाहून घरचे खूश. पण स्टेशनचा पूल चढताना मध्येच थांबावे लागते. असे का?

कारण एचबीएवनसी सांगते ती गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी. पावलांचा आकडा सांगतो तुम्ही किती हिंडलात. हृदय, फुप्फुसे आणि पायांचे स्नायू मिळून किती ताण पेलतात, हे या दोन्हींतून कळत नाही. ते पाहण्याची एक सोपी पद्धत म्हणजे 'सिक्स मिनिट वॉक टेस्ट'. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यामुळे ही चाचणी समजून घेण्यासारखी आहे.

चाचणी नेमकी काय?

सपाट जागेवर ३० मीटरच्या दोन टोकांना खुणा करायच्या आणि सहा मिनिटे त्यांच्यामध्ये जमेल तितक्या भरभर चालायचे. धावायचे नाही. दम लागला तर थांबता येते, पण घड्याळ थांबत नाही. शेवटी मोजायचे ते फक्त अंतर. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २००२ मध्ये तिची नियमावली प्रसिद्ध केली.

मधुमेहींसाठी उपयोगी का?

अनेक फिटनेस चाचण्या नाडीच्या ठोक्यांवर बेतलेल्या असतात. जुन्या मधुमेहात हृदयाच्या नसांवर परिणाम झाला असेल किंवा बीटा ब्लॉकर गोळी सुरू असेल, तर श्रम करूनही ठोके पुरेसे वाढत नाहीत आणि हिशेब चुकतो. चाललेले अंतर मोजताना ही अडचण येत नाही.

किती अंतर चांगले?

अमेरिकेतील निरोगी प्रौढांच्या चाचण्यांवरून १९९८ मध्ये मांडलेल्या एका सूत्रानुसार, ५० वर्षांचा, १७० सेंमी उंचीचा, ७५ किलोचा पुरुष सुमारे ५९५ मीटर चालेल. त्याच वयाची, १५५ सेंमी उंचीची, ६५ किलोची महिला सुमारे ५५६ मीटर. पण ही अमेरिकेतील सरासरी आहे. त्याच सूत्रात पुरुषांसाठी १५० मीटर कमी अंतरही सर्वसाधारण धरले जाते. म्हणून शेजाऱ्याशी नव्हे, स्वतःच्या मागच्या आकड्याशी तुलना करा. पाच-दहा मीटरच्या फरकाने हुरळून जाऊ नका आणि घाबरूही नका. फुप्फुसांच्या जुनाट आजारांत साधारण ३० मीटरचा बदल महत्त्वाचा मानतात.

घरी करून पाहायचे असेल तर

- आधी डॉक्टरांना विचारा. घरची चाचणी अंदाजापुरती, दवाखान्यातील चाचणीला पर्याय नाही.
- अंतर टेपने मोजा. मोबाइलचा जीपीएस काही मीटरने चुकतो आणि ३० मीटरच्या फेऱ्यांत ती चूक प्रत्येक वळणावर वाढत जाते.
- जागा, बूट आणि दिवसाची वेळ दर वेळी तीच ठेवा.
- सोबत कोणीतरी असू द्या, पण बरोबरीने चालायला नको. त्यांच्या वेगाने तुमचा वेग बदलतो.
- पहिल्यापेक्षा दुसऱ्या वेळी अंतर बहुधा थोडे जास्तच भरते, कारण सराव झालेला असतो. ती लगेच प्रगती समजू नका.

शुगरचे काय?

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी सुरू असेल तर चालण्याआधी ग्लुकोमीटरवर तपासा. ९० पेक्षा कमी असेल तर काहीतरी खा. ७० पेक्षा कमी असेल तर चाचणी रद्द, तीन छोटे चमचे साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. २५० च्या वर असून बरे वाटत नसेल किंवा लघवीत कीटोन असतील, तर डॉक्टरांशी बोला.

कोणी करू नये?

महिनाभरात हार्ट अटॅक आलेल्यांनी किंवा बसल्या जागी छातीत दुखणाऱ्यांनी अजिबात नको. आरामात असताना नाडी १२० च्या वर किंवा बीपी १८०/१०० च्या वर असेल, तरीही नको.

या खुणा दुर्लक्षू नका

मधुमेहात हृदयविकार छातीत न दुखताही असू शकतो. त्यामुळे एरवी सहज जमणाऱ्या अंतरात अचानक दम लागू लागला, तर 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नका. चालताना पोटरी दुखून थांबताच बरे वाटत असेल, तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासून घ्या. चालून आल्यावर तळपायही पाहा. पाय बधिर असतील तर फोड आलेला कळतही नाही.

अंतर कमी भरले तर उपाय चालण्यातच आहे. आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चाला आणि सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा करू नका. तीन महिन्यांनी एचबीएवनसी कराल, तेव्हा त्याच कागदावर सहा मिनिटांचे अंतरही लिहा आणि दोन्ही आकडे डॉक्टरांना दाखवा.

(ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. औषध किंवा व्यायामात बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.)