माळ्यावरचा जुना रंग : वापरण्यापूर्वी हे पाहा

दसरा-दिवाळी जवळ आली की घरोघरी साफसफाई सुरू होते. माळा आवरताना मागे कधीतरी उरलेला रंगाचा डबा हाती लागतो. दाराची चौकट, खिडकीचे गज, भिंतीवरचे डाग यांना एक हात मारायला एवढा रंग पुरेसा आहे, असे वाटणे साहजिक आहे. काटकसर चांगलीच, पण आधी डब्यावरचे साल पाहावे.

पूर्वी तेलरंग (ऑइल पेंट) उठावदार दिसावा व लवकर वाळावा म्हणून त्यात शिशाची संयुगे घालीत. पिवळ्या, नारिंगी व लाल रंगांत ती विशेष असत. केंद्र सरकारने २०१६ मध्ये नियम करून घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित केले. हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या प्रत्येक डब्यात जास्त शिसे असेलच असे नाही. परंतु ते नुसते पाहून ओळखता येत नाही. म्हणून असा तेलरंग घरात वापरू नये.

शिशाचा धोका मोठ्यांपेक्षा लहान मुलांना अधिक. रांगणारी मुले खिडकीचे गज चाटतात, धुळीचे हात तोंडात घालतात. पोटात गेलेले शिसे त्यांच्या शरीरात मोठ्यांच्या चार-पाच पट शोषले जाते. त्याने रक्तक्षय, पोटदुखी, बद्धकोष्ठता होते. बुद्धीची वाढही खुंटते. झालेली हानी बहुधा भरून येत नाही. गर्भवतीच्या शरीरातील शिसे गर्भापर्यंत पोहोचते.

जुना रंग कोरडा खरवडणे हे नवा लावण्याहून घातक. पॉलिशपेपरने घासताना उडणारी धूळ घरभर बसते. घासायचेच असेल तर जागा ओली करून घासावी, खाली कागद अंथरावा, तोंडाला मास्क लावावा, नंतर ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. मुले व गर्भवती स्त्रिया यांना त्या वेळी दूर ठेवावे.

पाण्यात कालवण्याच्या डिस्टेंपर वा इमल्शनला कुजकट वास येत असेल, बुरशी दिसत असेल, तर तो टाकून द्यावा. वास ठीक असेल तर ढवळून, फडक्यातून गाळून कोपऱ्यात थोडा लावून पाहावा. अलीकडच्या तेलरंगावर साय आली असल्यास ती काढून टाकावी. तेलरंग लावताना दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. जवळ शेगडी वा निरांजन नसावे. दम्याच्या रोग्याने त्या खोलीत झोपू नये.

टर्पेंटाइन सरबताच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. मुलाने चुकून प्यायल्यास ओकारी काढू नये. ओकताना ते फुप्फुसात शिरून न्यूमोनिया होऊ शकतो. तडक दवाखाना गाठावा. हातावरचा रंग काढायला टर्पेंटाइनऐवजी खोबरेल तेल चोळून साबणाने हात धुवावेत.

शेवटची गोष्ट रिकाम्या डब्याची. कितीही घासला तरी त्यात पिण्याचे पाणी, धान्य किंवा पीठ ठेवू नये. उरलेला रंग गटारीत न ओतता वाळू वा भुशात मिसळून सुकवावा आणि घंटागाडीत वेगळा द्यावा.

घर जुने असून मूल पोपडे खात असेल, तर डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे. रक्तातील शिसे तपासता येते. दिवाळीला भिंतीवर एखादा डाग राहिला तरी चालेल, मुलाच्या अंगात शिसे नको.