दोन पदरांचे अस्तर : फुफ्फुसाला होणारी इजा आणि तिची भरपाई



या स्मृतिव्याख्यानासाठी विषय कोणता घेणार, असे चालकांनी विचारले, तेव्हा जो विषय मी ३४ वर्षे प्रयोगशाळेत हाताळला तोच मांडण्याची परवानगी मी मागितली. १९७८ ते २०१२ या काळात फुफ्फुसातील व रक्तवाहिन्यांतील पेशींना इजा कशी होते, याचा मी अभ्यास केला. विषय ऐकावयास रूक्ष वाटतो. परंतु २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत तो आपणा सर्वांच्या घरात शिरला. ‘स्कोअर पंचवीसपैकी अठरा आला’, ‘फुफ्फुस निम्मे गेले’ अशी वाक्ये त्या दिवसांत घराघरांत बोलली गेली. मला निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती, तरी आप्तेष्टांचे दूरध्वनी येत आणि सर्वांचा प्रश्न एकच असे. फुफ्फुस ‘गेले’ म्हणजे नेमके काय झाले, आणि गेलेले परत येते काय? या प्रश्नाचे उत्तर माझ्या मतीप्रमाणे देण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम ज्याला इजा होते ते पाहू. प्रौढ माणसाच्या दोन्ही फुफ्फुसांत मिळून तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात. ते सर्व उलगडून पसरता आले, तर त्यांचा पृष्ठभाग आपल्या शाळेतील दोन वर्गखोल्यांच्या फरशीएवढा भरेल. या एवढ्या विस्ताराच्या एका बाजूस हवा असते आणि दुसऱ्या बाजूस केशवाहिन्यांतून वाहणारे रक्त. दोहोंमधील आडपडदा काही ठिकाणी इतका पातळ असतो की, एका मिलिमीटरचे दोन हजार भाग केले तर त्यातील एका भागाएवढीच त्याची जाडी भरावी. या पडद्याला मुख्यतः दोन पदर असतात. हवेकडचा पदर वायुकोशाच्या पेशींचा आणि रक्ताकडचा पदर केशवाहिनीच्या आतील अस्तराच्या पेशींचा. मध्ये एक अतिशय तलम पापुद्रा असतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हवेकडचा पदर सलग आहे की नाही, याविषयीच विद्वानांत वाद होता, कारण साध्या सूक्ष्मदर्शकातून इतके पातळ काही दिसतच नाही. अमेरिकेतील फ्रँक लो यांनी १९५२ च्या सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून फुफ्फुसाचे छेद पाहिले आणि हा पदर अखंड असल्याचे दाखविले.

हवेकडच्या पदरात पेशींचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारच्या पेशी चादरीसारख्या पसरट असून वायुकोशाचा सुमारे ९५ टक्के पृष्ठभाग व्यापतात. श्वासातून आलेला वायू त्यांच्यातूनच रक्तात जातो. दुसऱ्या प्रकारच्या पेशी आखूड, जाडसर आणि कोपऱ्यांत बसलेल्या असतात. त्या सर्फॅक्टंट नावाचे एक स्निग्ध द्रव्य स्रवतात. त्यामुळे श्वास सोडताना वायुकोश मिटून चिकटत नाहीत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे द्रव्य कमी असते म्हणून त्यांना श्वास घेता येत नाही, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ साली दाखविले. पुढे १९८० साली जपानमध्ये फुजिवारा यांनी अशा बाळांच्या फुफ्फुसात हे द्रव्य बाहेरून घालून त्यांना वाचविले. या आखूड पेशींचे दुसरे कार्य आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. चादरीसारख्या पेशी मेल्या म्हणजे या कोपऱ्यातील पेशी विभागतात, पसरतात आणि त्यांची जागा घेतात. भरपाईची व्यवस्था शरीरात आधीपासूनच आहे.

आता रक्ताकडच्या पदराकडे वळू. रक्तवाहिनीचे अस्तर म्हणजे नळीला आतून दिलेला निव्वळ मुलामा, अशी समजूत दीर्घकाळ होती. ती समजूत न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील रॉबर्ट फर्चगॉट यांच्या प्रयोगांनी मोडली. सशाच्या महाधमनीच्या पट्टीवर ॲसिटिलकोलीन टाकले असता ती कधी शिथिल होई, कधी होत नसे. बारकाईने पाहता असे आढळले की, पट्टी कापताना जिची आतील बाजू घासली गेली ती शिथिल होत नाही, आणि जिचे अस्तर शाबूत राहिले तीच होते. मग फर्चगॉट यांनी अस्तर खरवडलेली एक पट्टी अस्तर असलेल्या दुसऱ्या पट्टीला पोळीवर पोळी ठेवावी तशी लावून ठेवली, आणि खरवडलेली पट्टीही शिथिल झाली. अस्तरातून काहीतरी बाहेर पडते आणि शेजारच्या स्नायूला सैल करते, हे १९८० साली प्रसिद्ध झाले. ते ‘काहीतरी’ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू, हे १९८७ पर्यंत स्पष्ट झाले. १९९८ च्या नोबेल पारितोषिकात फर्चगॉट यांचा वाटा होता. ज्याला आपण मुलामा समजत होतो तो एक कामसू अवयव निघाला. रक्त गोठू न देणे, वाहिनी सैल ठेवणे, पाणी व प्रथिने मर्यादेत रोखणे ही सर्व कामे पेशींचा हा एक थर करतो.

मी प्रयोगशाळेत रुजू झाले तेव्हा या पेशी शरीराबाहेर वाढविण्याची विद्या नवी होती. १९७३ साली एरिक जाफी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात बालकाच्या नाळेतील शिरेतून त्या मिळविण्याची खात्रीची रीत प्रसिद्ध केली होती. मातेच्या संमतीने मिळालेली नाळ धुवून घ्यावयाची, शिरेत कोलॅजिनेज हे एन्झाइम भरून शरीराच्या उष्णतामानात काही मिनिटे ठेवावयाचे, मग हलक्या हाताने द्रव बाहेर घ्यावयाचा. त्यात सुटून आलेल्या पेशी ताटलीत चार-सहा दिवसांत फरसबंदीसारख्या एकमेकींना लागून पसरतात. जी नाळ एरवी टाकून दिली जाते, तिच्यावर माझ्या आयुष्याचे काम उभे राहिले.

या थरातून गळती कशी होते ते मोजण्याची आमची पद्धत साधी होती. बारीक छिद्रांच्या पडद्यावर पेशींचा थर वाढवावयाचा, वर निळा रंग जोडलेले अल्ब्युमिन घालावयाचे आणि खालच्या भांड्यात निळेपणा किती उतरतो ते ठरावीक वेळाने मोजावयाचे. थर धड असेल तर खालचे पाणी जवळजवळ निवळ राहते. रक्त गोठविणारे थ्रॉम्बिन घातले की थोड्याच वेळात पाणी निळे होऊ लागते. पण काही तासांनी गळती आपोआप थांबते. पेशी मेलेल्या नसतात. त्या आकसलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये फटी पडलेल्या असतात. थ्रॉम्बिनऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइडची मोठी मात्रा दिली तर मात्र पेशींच्या आतील एन्झाइमे बाहेरच्या द्रवात सांडलेली सापडतात, म्हणजे पेशी फुटलेल्या असतात. आकसणे वेगळे आणि मरणे वेगळे. हा भेद मोजता येणे, हेच माझ्या कामाचे सार होते.

‘फुफ्फुस गेले’ या वाक्याचा अर्थ आता उलगडतो. छायाचित्रात जो भाग पांढुरका दिसतो तेथे बहुधा हवेच्या जागी पाणी, प्रथिने आणि रक्तातील पांढऱ्या पेशी शिरलेल्या असतात. अस्तराला फटी पडल्या, ते गळले, वायुकोश भरले. त्यातील पुष्कळ भाग पुन्हा मोकळा होऊ शकतो. पाणी शोषले जाते, फटी मिटतात, कोपऱ्यातील पेशी नवा पदर घालतात. मात्र मधला तलम पापुद्रा फाटला, अथवा इजा पुन्हा पुन्हा होत राहिली, तर नव्या पेशींऐवजी व्रणासारखे तंतू भरतात आणि तो भाग कायमचा ताठर होतो. भरपाई होणार की व्रण राहणार, हे पहिल्या इजेइतकेच नंतरच्या इजांवरही अवलंबून असते.

या नंतरच्या इजा बहुधा मदतीच्याच हातून होतात. जंतूंशी लढण्यास आलेल्या पांढऱ्या पेशी जी तीव्र द्रव्ये सोडतात, ती अस्तरालाही पोळतात. प्राणवायूचेही तसेच आहे. जास्त दाबाचा प्राणवायू फुफ्फुसाला सूज आणतो, हे जेम्स लॉरेन स्मिथ यांनी १८९९ सालीच प्राण्यांवरील प्रयोगांतून नोंदविले होते. १९८० साली क्रॅपो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, शंभर टक्के प्राणवायूत ठेवलेले उंदीर सुमारे तीन दिवसांत दगावतात आणि त्यांच्या केशवाहिन्यांच्या अस्तराची फार मोठी हानी झालेली असते. म्हणूनच २०२१ च्या वसंतात ‘प्राणवायू जितका जास्त तितका बरा ना?’ असे मला विचारले गेले, तेव्हा मी म्हणत असे की, ज्याला हवा आहे त्याला तो क्षणाचाही विलंब न होता मिळालाच पाहिजे. पण ऑक्सिमीटरवर ९२ ते ९६ आकडा राहील एवढाच. आकडा शंभरावर नेण्याचा आग्रह फुफ्फुसाच्या हिताचा नव्हे, आणि ज्या शेजाऱ्याला सिलिंडर मिळत नाही त्याच्याही हिताचा नव्हे.

कृत्रिम श्वसनयंत्राने हाच धडा आकड्यांत दिला. १९६७ साली अमेरिकेतील अ‍ॅशबॉ आणि सहकाऱ्यांनी १२ रुग्णांच्या आधारे प्रौढांतील तीव्र श्वसनावरोधाचे वर्णन केले. त्यानंतर अनेक वर्षे अशा रुग्णांना यंत्राने मोठमोठे श्वास देण्याची प्रथा होती. परंतु पाण्याने भरलेल्या फुफ्फुसात हवेला मोकळा असा थोडाच भाग उरतो, आणि मोठ्या श्वासाचा सारा ताण त्या धडधाकट भागावर पडून तोही फाटू लागतो. २००० साली ८६१ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोस १२ मिलिलिटर या मापाने श्वास दिलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के, तर ६ मिलिलिटर या मापाने दिलेल्यांपैकी ३१ टक्के रुग्ण दगावले. नवे औषध एकही नव्हते. श्वासाचे माप निम्मे केले, एवढेच.

औषधांची वाट मात्र खडतर ठरली. बाळांना वाचविणारे सर्फॅक्टंट अशा प्रौढ रुग्णांत फारसे उपयोगी पडले नाही, कारण गळून आलेली प्रथिने त्याला निकामी करतात. ताटलीत गुण दाखविणारी अनेक द्रव्ये रुग्णाजवळ निष्प्रभ ठरली. २०२० साली ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाने श्वसनयंत्रावरील कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटविले. पण ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती त्यांना त्याचा लाभ झाला नाही. दाह आवरण्यासही वेळ ओळखावी लागते.

इंदूरकरांना हा विषय परका असू नये याचे आणखी एक कारण आहे. आपल्यापासून दोनशे किलोमीटरांच्या आत भोपाळ आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री तेथे सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट हवेत मिसळले. हा वायू ओलसर पेशींवर तत्काळ परिणाम करतो. झोपेतून उठून धावणाऱ्या माणसांनी तो खोल श्वासांबरोबर आत घेतला आणि हजारो माणसे गेली. अनेकांच्या वायुकोशांत पाणी भरले. जे वाचले त्यांपैकी कितीतरी जणांना दम्यासारखा त्रास आयुष्यभर राहिला. भरपाईच्या जागी व्रण राहिला म्हणजे काय होते, हे त्या वस्त्यांत अजूनही पाहावयास मिळते. अशा इजेवर उपचार शोधणे हे माझ्यासारखीचे काम. ती होऊच न देणे हे कारखाने चालविणाऱ्यांचे, शासनाचे आणि जागरूक नागरिकांचे काम. दुसरे काम अधिक परिणामकारक आहे, हे मला प्रयोगशाळेनेच शिकविले.

विद्यार्थी मित्रांसाठी शेवटी एक गोष्ट. १९९३ साली सेलरमायर आणि सहकाऱ्यांनी अन्यथा निरोगी अशा तरुण धूम्रपान करणाऱ्यांच्या हाताच्या धमन्या ध्वनिलहरींच्या यंत्राने तपासल्या. रक्ताचा ओघ वाढला की निरोगी धमनी रुंदावते; यांच्या धमन्या नीट रुंदावत नव्हत्या, आणि जितके धूम्रपान अधिक तितकी ही उणीव अधिक होती. छातीत कळ नाही, खोकला नाही, आणि अस्तर मात्र दुखावलेले. पण ज्यांनी ती सवय सोडली होती त्यांच्यात अस्तराचे कार्य सुधारलेले आढळले.

तेव्हा गेलेले परत येते काय, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. बरेचसे येते, मात्र त्यासाठी इजा थांबावी लागते. पेशी आपले काम जाणतात. त्यांना अवसर देणे आपल्या हाती आहे. या शाळेतील कोणी विद्यार्थिनी वा विद्यार्थी पुढे त्या अभ्यासात पडला, तर त्याने सूक्ष्मदर्शकाबरोबर हलका हात आणि धीर हीही साधने जवळ ठेवावीत.