गाडीतून कुठे उतरायचं, हे हॉटेल ठरवतं

मुंबईला कामानिमित्त येणारे बरेच जण तिकीट सरळ सीएसएमटीचं काढतात आणि राहायची सोय पोचल्यावर बघू म्हणतात. हा क्रम उलटा हवा. स्टेशन ते हॉटेल या शेवटच्या टप्प्यात जे जास्तीचे पैसे जातात आणि जी फसवाफसवी होते, तिची सुरुवात बहुतेक वेळा माणूस स्टेशनबाहेर येऊन थबकतो तिथेच होते. दोन्ही हातांत सामान, कुठे वळायचं ते ठाऊक नाही, हे एजंटाला लांबूनच कळतं. म्हणून हॉटेल आधी ठरवावं आणि कुठे उतरायचं ते त्यावरून ठरवावं.

विदर्भ, सिद्धेश्वर, महालक्ष्मी, देवगिरी या गाड्या सीएसएमटीला पोचण्याआधी कल्याण, ठाणे आणि दादरला थांबतात. सीएसएमटीपासून दादर ९ किलोमीटरवर, ठाणे ३४ वर आणि कल्याण ५४ वर आहे. तिकीट शेवटपर्यंतचं असलं तरी आधीच्या स्टेशनात उतरायला हरकत नसते. फोर्ट किंवा क्रॉफर्ड मार्केटजवळ राहणार असाल तर सीएसएमटी. टाटा किंवा केईएम रुग्णालयासाठी परळला राहणार असाल तर दादर. अंधेरीत खोली घेतली असेल तर ठाण्यालाच उतरा, लोकलने घाटकोपरला या आणि तिथून वर्सोव्याकडे जाणारी मेट्रो पकडा. ही मेट्रो २०१४ पासून सुरू आहे. बीकेसी, वरळी किंवा विमानतळाच्या बाजूला जाणाऱ्यांना आता सीएसएमटीपर्यंत येऊन भुयारी मेट्रो घेता येते. आरे ते कफ परेड असा तिचा पूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये खुला झाला. मोठी बॅग बरोबर असेल तर लोकलपेक्षा मेट्रो कितीतरी सोयीची. मात्र रात्री साडेदहाच्या सुमारास ती आटोपते, हे लक्षात असू द्या.

सगळ्यात जास्त घोटाळा एलटीटीला होतो. तिकिटावर मुंबई दिसतं आणि माणूस समजतो, पोचलो. हे टर्मिनस आहे कुर्ल्याला. बाहेर रिक्षाच रिक्षा दिसतात, पण मुंबईत रिक्षा दक्षिणेकडे शीव आणि वांद्र्यापर्यंतच चालतात. त्यापुढे त्यांना परवानगीच नाही. त्यामुळे एलटीटीहून परळला किंवा दादरला जाणाऱ्याला ‘चला, सोडतो’ म्हणणारा रिक्षावाला फार तर शीवला आणून सोडेल. तिथून सामान उतरवून पुन्हा टॅक्सी शोधायची, पुन्हा पैसे द्यायचे. त्यापेक्षा एलटीटीहूनच टॅक्सी करावी. सामान हलकं असेल तर चालत टिळकनगर स्टेशन गाठावं, हार्बरच्या लोकलने कुर्ल्याला यावं आणि तिथे गाडी बदलून मुख्य मार्गाने दादर गाठावं. टिळकनगरहून सीएसएमटीला जाणारी लोकल दादरला जात नाही, ती वडाळ्याकडे वळते. नवख्या माणसाची इथे हमखास चूक होते.

आता टॅक्सी. एक नियम मी सगळ्यांना सांगतो: जो तुम्हाला शोधत प्लॅटफॉर्मवर आला, त्याच्याबरोबर जायचं नाही. बाहेर रांगेत उभ्या असलेल्या गाडीकडे आपण जायचं. प्रीपेडचा काउंटर उघडा असेल तर तो उत्तम. पावती मात्र मुक्कामी पोचल्याशिवाय ड्रायव्हरच्या हातात देऊ नये. नाहीतर ‘मीटर टाका’ म्हणायचं आणि गाडी हलण्याआधी मीटरकडे बघायचं. १ फेब्रुवारी २०२५ पासून काळीपिवळीचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं ३१ रुपये आणि रिक्षाचं २६ रुपये आहे. दिवसा मीटर पडल्यावर हाच आकडा दिसला पाहिजे. त्याऐवजी आधीच शंभर-दीडशे दिसत असतील तर मागच्या भाड्याचं मीटर तसंच चालू आहे. शांतपणे ते नव्याने टाकायला सांगा. मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत पाव पट भाडं जास्त असतं, ते रीतसर आहे, त्यावरून वाद घालू नये. ‘फिक्स रेट’ म्हणणाऱ्याची गाडी सोडून मागची घ्यावी. रांगेत दुसरी गाडी असतेच.

अ‍ॅपवरून गाडी बोलावली असेल तर नंबरप्लेट जुळल्याशिवाय बसू नका आणि बसल्याशिवाय ओटीपी सांगू नका. ड्रायव्हर फोनवर ‘ट्रिप कॅन्सल करा, मी कॅशमध्ये सोडतो’ म्हणाला तर नकार द्या. ट्रिप रद्द झाली की तुम्ही कोणत्या गाडीत बसलात याची नोंद अ‍ॅपमध्ये राहत नाही, आणि रात्री एकटं असताना ती नोंद फार मोलाची असते.

दादरला उतरणाऱ्यांनी हॉटेल पूर्वेला आहे की पश्चिमेला, हे आधी विचारून घ्यावं. लांब पल्ल्याच्या मध्य रेल्वेच्या गाड्या पूर्वेकडच्या बाजूला लागतात. हिंदू कॉलनी, दादर टीटी पूर्वेला. फुलबाजार, कबुतरखाना, शिवाजी पार्क पश्चिमेला. पश्चिमेला जायचं असेल तर स्टेशनातल्या पुलावरूनच पलीकडे जा. चुकीच्या बाजूला बाहेर पडून मग टॅक्सीने वळसा घालण्यात पैसे आणि वेळ दोन्ही जातात. गाडी दादरला दोन-तीन मिनिटंच थांबते, तेव्हा ठाणं सुटलं की सामान दाराशी आणलेलं बरं. सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान पोचलात आणि बॅगा जड असल्या तर लोकलचा विचारही करू नका.

‘ते लॉज बंद झालं’, ‘तिथे रूम फुल आहेत, मी चांगलं दाखवतो’ असं सांगणारा भेटला तर त्याच्यासमोरच लॉजला फोन लावा. फोन नंबर बुकिंगच्या मेसेजमधलाच हवा. नकाशावर किंवा शोधून सापडलेला नंबर हॉटेलचा असेलच असं नाही. खोटे नंबर टाकून आगाऊ पैसे उकळण्याचे प्रकार झालेले आहेत.

लॉजला आदल्या दिवशी फोन करून दोन गोष्टी नक्की विचाराव्यात. चेक-आऊट २४ तासांचं की दुपारी बाराचं? आणि अपरात्री आलो तर दार कोण उघडेल? लहान लॉजचं शटर रात्री खाली असतं आणि आतला माणूस झोपलेला असतो. बाईमाणूस एकटी किंवा बरोबर लहान मूल असेल तर हा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा. ओळखपत्र मूळचं जवळ ठेवा, झेरॉक्सवर खोली मिळेलच असं नाही.

गाडी रात्री दोन-तीनला पोचत असेल तर घाई नको. साधारण एक ते चारच्या दरम्यान लोकल बंद असतात आणि रस्तेही ओस असतात. तिकीट दाखवून प्रतीक्षालयात बसावं, उजाडल्यावर निघावं. पीएनआरवरून आयआरसीटीसीवर रिटायरिंग रूमही काही तासांसाठी घेता येते. मोठ्या माणसांना घेऊन येणार असाल तर ती आधीच बघून ठेवा. गाडीत किंवा स्टेशनात अडचण आली तर १३९, बाहेर रस्त्यावर ११२. काही चोरीला गेलंच तर ‘ही आमची हद्द नाही’ या उत्तरावर परत फिरू नका. हद्द कोणतीही असली तरी झिरो एफआयआर नोंदवता येतो, हा तुमचा हक्क आहे.

शेवटची विनंती मुंबईत राहणाऱ्यांना. गावाहून आई-वडील, काका-काकू दवाखान्यासाठी येणार असतील आणि तुम्हाला स्टेशनवर जाता येत नसेल, तर निदान एका कागदावर मोठ्या मराठी अक्षरांत उतरायचं स्टेशन, पूर्व की पश्चिम, लॉजचं नाव, जवळची खूण, लॉजचा नंबर आणि मीटरने साधारण किती भाडं होईल ते लिहून त्याचा फोटो आधीच पाठवा. फोनची बॅटरी ऐन वेळी संपते, म्हणून तो कागद त्यांना वहीत उतरवून घ्यायला सांगा.