विश्लेषण : मैदानावर खेळाडू कोसळला, रुग्णवाहिका येईपर्यंत काय करायचे?

ऊसतोडीचा आणि टेनिस बॉल क्रिकेटचा हंगाम बारामती-इंदापुरात जवळपास एकत्रच येतो. मोकळ्या झालेल्या रानात रोलर फिरतो, चुन्याची रेघ मारली जाते, स्पीकर लागतो आणि गावोगावच्या चषक स्पर्धा सुरू होतात. खेळणारे सगळे विशीतले नसतात. आठवडाभर दुकानात किंवा ट्रॅक्टरवर बसून थेट रविवारी धावायला उतरणारे चाळिशीतले खेळाडूही त्यात असतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातच, जुन्नर तालुक्यातील जाधववाडीत, नॉन-स्ट्रायकर एंडला उभा असलेला खेळाडू खाली बसला आणि कोसळला. त्याचा मृत्यू झाला. तो व्हिडिओ राज्यभर फिरला. पण अशा वेळी करायचे काय, हे त्यासोबत फारसे फिरले नाही.

हार्ट अटॅक आणि हृदय बंद पडणे एकच का?

नाही, आणि इथेच पहिला घोटाळा होतो. हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते. माणूस बहुधा शुद्धीवर असतो. छाती दाबल्यासारखी वाटते, हात किंवा जबडा दुखतो, दरदरून घाम येतो. ‘ॲसिडिटी झाली असेल’ म्हणून तो पुढची ओव्हर टाकायलाही निघतो. त्याला तिथेच बसवावे, पाणी पाजून पुन्हा खेळायला पाठवू नये आणि १०८ला फोन करावा. दुसऱ्याच्या खिशातली सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवण्याची सवय आपल्याकडे आहे. त्या गोळीने रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो, म्हणून ती ज्याच्या डॉक्टरांनी दिली त्यानेच घ्यावी.

हृदय बंद पडते तेव्हा मात्र माणूस हाकेला ओ देत नाही आणि श्वास थांबतो. कधी मधूनच घोरल्यासारखे आचके येतात. ‘श्वास चालू आहे’ असे समजून लोक थांबतात, पण ते आचके म्हणजे श्वास नव्हे.

मग नेमके काय करायचे?

खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढे दिसले की पुरे. नाडी शोधत बसू नका. ती घाईत भल्याभल्यांना सापडत नाही. माणसाला कडक जमिनीवर उताणे झोपवा. छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवा, त्यावर दुसरा हात ठेवा, कोपरे ताठ करा आणि ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबा. वेग मिनिटाला १०० ते १२०. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. हे दमवणारे काम आहे, त्यामुळे दर दोन मिनिटांनी माणूस बदला. मैदानावर निदान माणसांची तरी कमतरता नसते.

प्रशिक्षण नसलेल्याने तोंडाने श्वास देण्याची गरज नाही. भारतीय भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने २०१७ मध्ये सर्वसामान्यांसाठी तयार झालेली ‘कोल्स’ ही पद्धत केवळ छाती दाबण्यावरच आधारलेली आहे. बरगडी मोडेल ही भीती खोटी नाही, कधी कधी मोडतेही. पण मोडलेली बरगडी भरून येते.

बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओतणे, कांदा किंवा चप्पल हुंगवणे यात फक्त वेळ जातो. सर्वांत महाग पडते ती गाडीत टाकून पळण्याची घाई. मागच्या सीटवर नीट छाती दाबता येत नाही, आणि गाळपाच्या दिवसांत ऊसवाहू ट्रॉल्यांच्या मागून किती वेळ लागेल ते सांगायला नको.

रुग्णवाहिकेला पत्ता काय सांगायचा?

गोल्फच्या मैदानावर ‘सातव्या होलजवळ’ म्हटले की जागा कळते. आपल्याकडे मैदान म्हणजे अमक्याच्या वस्तीमागचे रान! २०१४ पासून राज्यात चालू असलेली १०८ सेवा मोफत आहे, पण ‘पाटलांच्या रानात या’ म्हटल्यावर चालकाने जायचे कुठे? तालुका, गाव, मुख्य रस्ता, कोणता फाटा, नीरा डाव्या कालव्याची कोणती बाजू, या क्रमाने सांगा. फोन स्पीकरवर ठेवा. एक दुचाकी लगेच फाट्यावर पाठवा. तो गाडीला वाट दाखवील. आयोजकांनी हा पत्ता सकाळीच कागदावर लिहून समालोचकाच्या टेबलावर चिकटवला तर काम निम्मे होते. माइकचाही उपयोग आहे. ‘प्रेक्षकांत डॉक्टर, नर्स असतील तर पुढे या’ ही हाक त्याच्याइतकी लांब कोणाची जाणार?

‘एईडी’ म्हणजे काय?

हृदयाची बिघडलेली लय तपासून गरज असेल तरच विजेचा झटका देणारी छोटी पेटी. ती स्वतः बोलून सूचना देते. छातीचा घाम पुसायचा, चित्राप्रमाणे पट्ट्या चिकटवायच्या आणि झटक्याच्या वेळी कोणी रुग्णाला शिवायचे नाही. झटका मिळायला उशीर होईल तशी दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. छाती दाबणे चालू असेल तर ही घसरण मंदावते. १२ जून २०२१ रोजी युरो स्पर्धेत डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन कोपनहेगनच्या मैदानावर कोसळला. तिथेच छाती दाबली गेली, झटका दिला गेला आणि तो शुद्धीवर आला. आठ महिन्यांनी तो ब्रेंटफर्डकडून पुन्हा खेळत होता. या पेटीची किंमत साधारण लाखभर असते. पहिल्या बक्षिसाला दुचाकी लावणाऱ्या मंडळांना ती अगदीच आवाक्याबाहेरची नाही.

ऊन आणि वीज

एप्रिल-मेमध्ये खेळाडू बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला आणि अंग भाजल्यासारखे तापले तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी आधी थंड करा, मग हलवा. सावलीत नेऊन टँकरचे किंवा मोटारीचे पाणी अंगावर सोडा, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

वळवाच्या पावसात झाडाखाली थांबणे धोक्याचे आहे. ढग गडगडले की खेळ थांबवावा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप परिसरातल्या विजांची सूचना देते. गोल्फच्या नियमांत तर विजेचा धोका वाटल्यास खेळाडू पंचांची वाट न पाहता खेळ थांबवू शकतो. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला लगेच हात लावता येतो, आणि श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करावी.

रुग्णवाहिका आल्यावर

पथकाने ताबा घेईपर्यंत हात थांबवू नका. माणूस आधीच नीट श्वास घेऊ लागला तर त्याला कुशीवर वळवा आणि नजर ठेवा, कारण हृदय पुन्हा बंद पडू शकते. तो किती वाजता कोसळला, छाती दाबणे कधी सुरू झाले, किती झटके दिले आणि त्याला कोणती औषधे चालू आहेत, हे पथकाला सांगा. धावफलक लिहिणाऱ्याच्या हातात वही-पेन असतेच. या वेळा त्यानेच टिपाव्यात.