परदेशस्थांचे बातमीपत्र : हायगेट ते मुळशी

मुळशी सत्याग्रहाचा (१९२१-२४) विचार साधारणतः धरण, जमीन आणि विस्थापन या अंगांनी केला जातो. त्या सत्याग्रहाशी निगडित असलेल्या दोन व्यक्ती, सेनापती पां. म. बापट आणि ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे, त्यापूर्वी सुमारे दीड दशक एका निराळ्या व्यवहाराशी संबंधित होत्या. बापट हे विलायतेत राहणारे विद्यार्थी होते, तर परांजपे हे विलायतेहून येणारी मराठी बातमीपत्रे छापणारे संपादक. परदेशी राहणाऱ्यांचा निवास, भोजन, शिष्यवृत्ती, सभा आणि सण यांविषयीच्या लेखनाला वाङ्मयविचारात कोणते स्थान द्यावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. या प्रश्नाचा मागोवा घेताना मुळशीपर्यंत यावे लागते.

१. पत्ता आणि अट

पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांनी जानेवारी १९०५ मध्ये लंडन येथे ‘इंडियन सोशियॉलॉजिस्ट’ हे मासिक सुरू केले आणि त्याच वर्षीच्या १ जुलै रोजी ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू, हायगेट येथे ‘इंडिया हाऊस’ हे हिंदी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. परक्या देशात उतरणाऱ्या विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न राहावे कोठे हा असतो, दुसरा खर्च कसा भागवावा हा. श्यामजींच्या उपक्रमांनी या दोन्ही प्रश्नांना उत्तर दिले. मात्र त्यांच्या शिष्यवृत्त्यांना एक अट जोडलेली होती : ती घेणाऱ्याने पुढे ब्रिटिश सरकारची नोकरी पत्करू नये. वरवर पाहता ही एक व्यावहारिक सूचना होती; प्रत्यक्षात ती एक प्रतिज्ञा होती. परदेशस्थांसाठीच्या माहितीपर लेखनाचे हे महत्त्वाचे लक्षण येथेच दिसून येते. अशी माहिती क्वचितच केवळ माहिती असते. ती समाजात सामील होण्याचे निमंत्रण असते आणि सामील होण्याची किंमतही सांगते.

बापट १९०४ मध्ये मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती घेऊन अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी एडिंबरो येथे गेले होते. हिंदुस्थानातील ब्रिटिश राज्यावर केलेल्या टीकात्मक भाषणामुळे त्यांना ती शिष्यवृत्ती गमवावी लागली आणि पुढे ते इंडिया हाऊसच्या वर्तुळात आले. ज्याचा सरकारमान्य आधार सुटला आहे, अशा तरुणाला हायगेटच्या पत्त्याचे मोल काय असेल, हे वेगळे सांगावयास नको.

२. बातमी आणि पत्र

वि. दा. सावरकर १९०६ मध्ये श्यामजींची शिष्यवृत्ती घेऊन लंडनला गेले. तेथून त्यांनी मुंबईच्या ‘विहारी’ आणि पुण्याच्या ‘काळ’ या पत्रांसाठी मराठीत बातमीपत्रे लिहिली. ती पुढे पुस्तकरूपाने संकलित झाली. पार्लमेंटातील हिंदविषयक चर्चा, तेथील वृत्तपत्रांचा सूर, हिंदी विद्यार्थ्यांच्या सभा आणि उत्सव हे त्यांचे विषय होते.

या लेखनप्रकाराचे नावच सूचक आहे. ‘बातमी’ सर्वांसाठी असते, ‘पत्र’ आपल्या माणसासाठी असते. बातमीपत्रात हे दोन्ही संबंध एकत्र येतात. त्याची रचना टपालाच्या गतीनेही घडविलेली आहे. तारेने येणारी बातमी लगोलग छापली जाई, तर आगबोटीने येणाऱ्या पत्राला मुंबई गाठण्यास सुमारे दोन आठवडे लागत. ‘काय घडले’ हे सांगण्यात पत्र तारेशी स्पर्धा करू शकत नव्हते. त्यामुळे घटनेचे वातावरण आणि तिचा अर्थ सांगणे हे त्याचे कार्य ठरले. कोण जमले, सभा कशी भरली, श्रोत्यांची वृत्ती कशी होती, हा तपशील घरी बसलेल्या वाचकाला त्या सभेत नेऊन बसवितो.

सणाचे स्थान या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १० मे १९०८ रोजी इंडिया हाऊसमध्ये १८५७ च्या उठावाचा स्मृतिदिन साजरा झाला. २४ ऑक्टोबर १९०९ रोजी लंडनमधील हिंदी मंडळींनी दसऱ्याचे भोजन योजिले, अध्यक्षस्थानी मो. क. गांधी होते आणि सावरकरांचेही भाषण झाले. पुढे ज्यांच्या वाटा पूर्णतः वेगळ्या झाल्या, त्यांना एका पंगतीस बसविण्याचे सामर्थ्य परदेशातील एका तिथीत होते. घरी सण आपोआप येतो. परदेशी तो कोणीतरी जाहीर करावा लागतो. म्हणून तेथे दिवस, स्थळ आणि वेळ सांगणारी साधी ओळ समाज उभा करण्याचे काम करते.

या लेखनाची किंमतही मोजावी लागली. परांजपे यांना १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली शिक्षा झाली. १९०९ मध्ये इंडिया हाऊस बंद पडले. मार्च १९१० मध्ये सावरकरांना लंडनमध्ये अटक झाली आणि त्याच वर्षी ‘काळ’ही बंद झाला.

३. मुळशी : पत्ताच बुडतो तेव्हा

टाटा कंपनीच्या जलविद्युत प्रकल्पासाठी मुळशी खोऱ्यातील सुमारे पन्नास गावांची जमीन पाण्याखाली जाणार, हे स्पष्ट झाल्यावर १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रहास आरंभ झाला. बापट त्याचे नेते झाले आणि ‘सेनापती’ ही उपाधी त्यांना येथेच मिळाली. साठीच्या जवळ आलेल्या परांजपे यांनी १९२२ मध्ये याच सत्याग्रहात कारावास भोगला. १९२४ मध्ये बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली; धरण मात्र उभे राहिले.

हायगेट आणि मुळशी यांत कार्यकारणसंबंध जोडणे धाडसाचे ठरेल. साम्य आहे ते रचनेचे. दोन्हीकडे विखुरलेल्या माणसांना ठरलेल्या तिथीस, ठरलेल्या स्थळी बोलाविले जाते. दोन्हीकडे सणाचा दिवस निवडला जातो. भेदही तितकाच मूलगामी आहे. परदेशस्थाच्या बातमीपत्राला एक गृहीत आधार असतो : पत्र जेथे जावयाचे ते घर जागेवर आहे. मुळशीच्या मावळ्याचे घरच पाण्याखाली गेले. विलायतेतील विद्यार्थ्याला नवा पत्ता हवा होता, मुळशीकराला जुना पत्ता टिकवावयाचा होता. परदेशस्थ आणि विस्थापित या दोन शब्दांतील अंतर ते हेच.

४. उत्तरकाळ

लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून कार्यरत आहे. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांना एकत्र आणणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले. त्याचे पहिले अधिवेशन १९८४ मध्ये शिकागो येथे भरले आणि त्याचे वृत्तपत्रक मंडळामंडळांतील घडामोडी सभासदांपर्यंत पोहोचवू लागले. इस्राएलमध्ये स्थायिक झालेल्या बेने इस्राएल समाजाने ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालविले. शनिवार-रविवारी ओढून घेतलेला गणेशोत्सव, मुलांची मराठी शाळा, नवागतास राहण्याची सोय, निधनवार्ता असे विषय या प्रकारच्या पत्रकांत स्वाभाविकपणे येतात. राजकीय प्रतिज्ञेची जागा येथे भाषा टिकविण्याच्या आग्रहाने घेतली आहे. पत्ता, तिथी आणि आवाहन ही त्रयी मात्र तीच आहे.

सावरकरांची बातमीपत्रे टिकली, कारण त्यांचा लेखक ख्यातनाम झाला. मंडळांच्या पत्रकांचे लेखक बहुधा अनामिक स्वयंसेवक असतात. कार्यक्रम संपला की कागदही नाहीसा होतो. ग्रंथालये ललित साहित्य जपतात, सूचना जपत नाहीत. परंतु परदेशी मराठी समाज कसा जमला, कोणत्या शब्दांनी एकमेकांस बोलावीत राहिला आणि त्याची भाषा पिढीगणिक कशी बदलली, याचा पुरावा कथा-कवितांइतकाच या सूचनांत आहे. ज्या मुळशी तालुक्यात बापटांनी मावळ्यांचा पत्ता वाचविण्यासाठी झुंज दिली, त्याच तालुक्यातील हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानातून आज तरुण अभियंते परदेशी जातात. तेथे उतरताच त्यांचा पहिला प्रश्न १९०५ च्या विद्यार्थ्याचाच असतो. त्या प्रश्नाला मराठीत मिळालेली उत्तरे संकलित करणे हे विद्यापीठीय मराठी विभागांचे कार्य आहे. ते लांबणीवर पडल्यास अभ्यासासाठी साधनेच उरणार नाहीत.