स्वस्त कॅमेऱ्याच्या पोटात

कॅमेऱ्याच्या दुकानातला सगळ्यात स्वस्त डीएसएलआर हातात घ्या, डोळ्याला लावा आणि बटण दाबा. ‘खटॅक’! त्या एका आवाजात काय काय उरकलं, ठाऊक आहे? लेन्सच्या पोटातल्या पाती हव्या तेवढ्या मिटल्या. एक आरसा झटक्यात वर गेला. एक पडदा सरकला, त्याच्या पाठोपाठ दुसरा. मधल्या वेळात दोन-अडीच कोटी प्रकाशमापकांनी आपापलं माप घेतलं. आरसा खाली आला, पाती पुन्हा उघडल्या आणि तुम्हाला समोरचं दिसायला लागलं. निकॉनचा डी३५०० हा अगदी नवशिक्यांसाठी बनवलेला कॅमेरा हे सगळं एका सेकंदात पाच वेळा करतो!

मग महागडा कॅमेरा वेगळं काय करतो? गंमत अशी, की मूळ करामत दोघांत एकच आहे. स्वस्त कॅमेऱ्यात कंपनीने ठिकठिकाणी थोडी काटकसर केलेली असते, इतकंच. ती कुठे केली आहे हे कळलं की पहिला कॅमेरा निवडणं सोपं होतं. चला तर, प्रकाशाच्या मागोमाग लेन्समधून आत शिरू. प्रत्येक मुक्कामावर एकच विचारायचं: इथे काय वाचवलंय, आणि त्यावाचून माझं अडतं का?

पहिला मुक्काम लेन्सचा. बॉडीबरोबर बहुतेक वेळा १८-५५ मिमीची लेन्स मिळते. तिच्यावर ३.५-५.६ असे आकडे असतात. हे काय गौडबंगाल? साधा भागाकार आहे. लेन्सच्या फोकल लांबीला तिच्या भोकाच्या व्यासाने भागलं की हा आकडा येतो. म्हणजे ५५ मिमीवर ५.६ आकडा असेल तर भोक जेमतेम १० मिमीचं. आता ५० मिमी, १.८ अशी लेन्स घ्या. तिचं भोक जवळजवळ २८ मिमी! व्यास तिपटीच्या आसपास, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे आठपट; त्यात फोकल लांबीही थोडी कमी, म्हणून फोटोला मिळणारा प्रकाश नऊ-दहापट. घरातल्या दिव्याच्या उजेडात ज्या फोटोला १/१० सेकंद लागला असता, तो १/१०० सेकंदात निघतो. १/१० सेकंदात धावतं मूल धूसर होतं, १/१०० मध्ये त्याचा चेहरा बऱ्यापैकी ठसठशीत येतो. आणि नवलाची गोष्ट म्हणजे ही ५० मिमी १.८ लेन्स कॅनन आणि निकॉन दोघांच्याही सर्वांत स्वस्त लेन्सांमध्ये मोडते. महागड्या बॉडीने जे साधत नाही, ते इथे थोडक्या पैशात साधतं.

लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर आदळतो. हा आरसा ४५ अंशांत कललेला असतो आणि प्रकाशाला वर, तुमच्या डोळ्याकडे पाठवतो. पण लेन्सने चित्र उलटं केलेलं असतं: खालचं वर, डावीकडचं उजवीकडे. आरशाने खाल-वर नीट होतं, डावं-उजवं मात्र उलटंच राहतं. म्हणून कॅमेऱ्याच्या टाळूवर तो उंचवटा असतो. आत छपरासारखे जोडलेले पृष्ठभाग प्रकाशाला एक जास्तीची कोलांटी मारायला लावतात आणि चित्र सुलट होऊन डोळ्यात येतं. १९४९ च्या काँटॅक्स एस या कॅमेऱ्यापासून फोटोग्राफर असं सुलट चित्र डोळ्याला लावून बघू लागले.

काटकसर कुठे? महाग कॅमेऱ्यात त्या उंचवट्यात काचेचा भरीव लोलक असतो. स्वस्तात पोकळ जागेत नुसते आरसे बसवतात. त्याने वजन घटतं, पण चित्र थोडं लहान आणि मंद दिसतं. शिवाय फ्रेमचा साधारण ९५ टक्केच भाग दिसतो, त्यामुळे डोळ्याला न दिसलेलं कुणाचं तरी कोपर फोटोच्या कडेला हजर होतं. यावाचून अडतं का? नाही. कोपर नंतर कापता येतं. पण चष्मा लावणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर बघावी. डोळा लावायच्या खिडकीशेजारी चष्म्याचा नंबर जुळवायचं बारीक चाक असतं ना? कॅननच्या ३०००डी मध्ये कंपनीने तेसुद्धा वाचवलंय, आणि लेन्स अडकवायची कडी धातूऐवजी प्लास्टिकची केली आहे. बिनचष्म्याने बघायचं असेल, तर ही काटकसर मात्र रोज टोचेल.

आता खरी जादू. तो मोठा आरसा मधोमध किंचित पारदर्शक असतो. थोडा प्रकाश आरपार जातो, मागच्या चिमुकल्या आरशावर पडतो आणि कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या फोकसच्या चिपकडे वळतो. कशासाठी? हात लांब करून अंगठा धरा, आणि एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटा. अंगठा उडी मारतो ना? तळातली चिप हेच करते. लेन्सच्या एका बाजूने आलेला प्रकाश आणि दुसऱ्या बाजूने आलेला प्रकाश यांची दोन चित्रं ती ताडून बघते. चित्रं जुळली तर फोकस बरोबर. नसतील जुळली, तर त्यांच्यातल्या अंतरावरून लेन्स कुठल्या दिशेला आणि किती फिरवायची तेही कळतं. चाचपडणं जवळपास नाहीच! स्वस्त निकॉनमध्ये असे ११ बिंदू, स्वस्त कॅननमध्ये ९. महागात कितीतरी जास्त. उडते पक्षी टिपायचे असतील तर हा फरक जाणवेल. बसलेला पक्षी, माणसं, देवळं, डोंगर यांना मधला एक बिंदू पुरतो.

इथेच एक छुपी काटकसर आहे. फोकससाठी लेन्स फिरवायला मोटार लागते. कॅननने १९८७ मध्ये ईएफ लेन्स आणल्या, तेव्हाच मोटार लेन्समध्ये बसवली. निकॉनच्या जुन्या लेन्सांना मात्र बॉडीतली मोटार लागते, आणि डी३००० किंवा डी५००० मालिकेतल्या बॉडीत ती नाही. म्हणून निकॉन घेताना लेन्सवर ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ लिहिलंय का ते वाचा. त्यातही डी३२०० सारख्या जुन्या बॉडीवर एएफ-पी लेन्स फोकस करत नाही. स्वस्तात लेन्स मिळाली म्हणून उड्या मारण्याआधी ही अक्षरं तपासायचीच.

आरसा वर गेला की समोर येतं शटर. १/४००० सेकंद म्हणजे किती? इतक्या वेळात कुठलाही पडदा उघडून पुन्हा मिटेल हे शक्य तरी आहे का? नाहीच! मग ते कसं जमतं? पडदे दोन असतात. पहिला उघडत निघतो, आणि तो पलीकडे पोचायच्या आतच दुसरा त्याचा पाठलाग करत मिटत येतो. दोघांमध्ये उरते जेमतेम १ मिमीची फट. झेरॉक्सच्या मशीनमध्ये कागदाखालून प्रकाशाची पट्टी सरकते, तशी ही फट प्रकाशमापकांच्या तुकड्यावरून, म्हणजे सेन्सरवरून, सरकत जाते. प्रत्येक जागेला प्रकाश मिळतो १/४००० सेकंद, पण अख्ख्या प्रवासाला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

हे पडदे खरोखर हलणारे, म्हणजे झिजणारे. निकॉनने डी३३०० चं शटर १ लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. त्यामुळे जुना कॅमेरा घेताना तो किती वर्षांचा आहे यापेक्षा किती क्लिक झालेत हे महत्त्वाचं. निकॉन हा आकडा प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये लिहून ठेवतो! एक फोटो काढून घ्या, घरी संगणकावर उघडा, आकडा वाचा.

शेवटचा मुक्काम सेन्सर. साधारण २३.५ बाय १५.६ मिमीच्या या तुकड्यावर २ कोटी ४० लाख प्रकाशमापक असतात. एकेकाची रुंदी सुमारे ४ मायक्रॉन. केसाच्या जाडीत पंधरा-वीस सहज मावतील. पण हे मापक रंगांधळे आहेत. त्यांना प्रकाश किती एवढंच कळतं, कुठला ते नाही. मग फोटो रंगीत कसा? कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांना १९७६ मध्ये पेटंट मिळालेली युक्ती आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे. प्रत्येक मापकावर एका रंगाची चिमुकली गाळणी बसवायची: निम्म्या मापकांवर हिरवी, पाव भागावर लाल, पाव भागावर निळी. हिरव्या जास्त, कारण उजेडातले बारकावे आपल्या डोळ्याला हिरव्यात जास्त कळतात. मग प्रत्येक ठिकाणचे उरलेले दोन रंग शेजाऱ्यांकडे बघून हिशोबाने भरायचे. म्हणजे तुमच्या फोटोतल्या रंगांच्या ७ कोटी २० लाख आकड्यांपैकी ४ कोटी ८० लाख कॅमेऱ्याने अंदाजाने भरलेले असतात. तरी गुलमोहर गुलमोहरासारखाच दिसतो!

याच कोडॅकमध्ये १९७५ साली स्टीव्ह सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्यात मापक होते १०,००० आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला लागायचे २३ सेकंद. १९९१ मध्ये निकॉन एफ३ च्या बॉडीवर कोडॅकने १३ लाख मापकांचा डीएसएलआर विकायला काढला. किंमत सुमारे २०,००० डॉलर, आणि फोटो साठवायचं यंत्र वेगळं, खांद्याला अडकवायचं. २००३ मध्ये कॅननच्या ३००डी ने ही किंमत १,००० डॉलरच्या खाली आणली. आज स्वस्तातही २ कोटी ४० लाख मापक, म्हणजे २४ मेगापिक्सेल मिळतात; तेव्हा त्यांच्यावरून फार काथ्याकूट करू नका. ए४ कागदावर उत्तम छपाईला ९ मेगापिक्सेलही पुरतात.

आता बाजाराची गोष्ट. कॅनन आणि निकॉन यांनी २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही. दोघांचं लक्ष बिनआरशाच्या कॅमेऱ्यांकडे वळलं. हौशी मंडळी जुन्या बॉडी विकून मोकळी होताहेत, आणि मुंबईतल्या फोर्टच्या बोराबाजारसारख्या ठिकाणी सेकंडहँड माल बघायला मिळतो. बघताना लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. लेन्स परत ठेवा. आपल्या पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, बुरशीपासून जपावं लागतं. घेतलेली लेन्स सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा. मग भोक सर्वांत लहान करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. सेन्सरवर धूळ असेल तर काळपट ठिपके लगेच दिसतील. धूळ साफ होते, ओरखडे होत नाहीत.

एकूण काय, पैशांची वाटणी करताना बॉडीवर कमी, लेन्सवर जास्त. आणि निकॉनच घ्यायचं ठरलं, तर काटकसरीने केलेला एक अजब उपकार ऐका. निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यांचा लेन्स अडकवायचा साचा १९५९ पासून तोच आहे. सुरुवातीच्या लेन्सा डी७००० सारख्या वरच्या बॉडीवर लावायला जाल, तर त्यांची कडा बॉडीवरच्या एका टोकाला अडकून मोडतोड होऊ शकते. डी४० किंवा डी३३०० सारख्या स्वस्त बॉडीवर कंपनीने ते टोक बसवलंच नाही, म्हणून तिथे यातल्या बहुतेक लेन्सा निर्धास्त बसतात! प्रकाश तुम्हीच मोजायचा, फोकस हातानेच फिरवायचा. पण फोटो निघतो. कंपनीने काही पैसे वाचवले आणि १९५९ पासूनची काच हौशी माणसासाठी खुली झाली. तेव्हा दुकानात जायच्या आधी नात्यातल्या जुन्या फोटोग्राफरांच्या कपाटांत काय आहे ते विचारून घ्या. पहिल्या कॅमेऱ्याची अर्धी खरेदी तिथे फुकटातही होऊन जाईल.